बायतोंगच्या घरी कुठला कुत्रा

बांग रकाम,
गुरुवार, ९ मार्च, बुद्ध संवत २५६६

प्रिय बायतोंग,

तुला, वितला आणि दोन्ही पोरांना थोरल्या बहिणीचे, पी प्रांगचे, भरपूर आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. म्हणजे मी ठीक, आईचा गुडघा ठीक नाही, आणि दुकानात उंदरांनी कोंड्याच्या दोन गोण्या फोडल्या. पत्र बघून हसशील, की हल्ली पत्र कोण लिहितं. पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, मध्येच खिम फोन हिसकावते, आणि धाकटा पुन तो चाटतो. आईने केलेली सुकेळी बसवाल्याकडे द्यायचीच होती, त्या पुडक्यात हे कागद घातले. सुकेळी सगळी एकटी खाऊ नकोस. वितला आवडत नाहीत असं तो तोंडदेखलं म्हणतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस.

तू फोनवर पाठवलेले कुत्र्यांचे फोटो बघितले. सगळेच गोंडस. अगं, पिल्लं सगळीच गोंडस असतात. तूही होतीस.

लहान मुलांच्या घरात कुठल्या जातीचा कुत्रा चांगला, हे मला दुकानात आठवड्यातून चारदा तरी कुणीतरी विचारतं. अठरा वर्षं मी कुत्र्यांचं खाणं विकतेय आणि स्वतः एकही कुत्रा पाळला नाही, यावर लोक माझी थट्टा करतात. करू देत. उंटावरून शेळ्या हाकायला उंट तरी माझ्याकडे आहे.

तर ऐक. तो सोनेरी केसांचा मोठा, गोल्डन. मुलांनी कान ओढले, अंगावर चढली, तरी त्याच्याइतकं सोसणारा दुसरा नाही. पण तो थंड देशातला. तुमच्या रांगसितच्या घरात एप्रिलच्या दुपारी तो जीभ काढून आडवा पडेल, आणि एसी त्याच्यासाठी चालेल, तुमच्यासाठी नाही. शिवाय शेपटीचा एक फटका बसला की पुन भुईसपाट. पूडल शहाणा, केस गळत नाहीत, चटकन शिकतो. पण तुझा लेक हातात येईल ते आपटतो. लहान मुलांच्या घरात इवल्याशा कुत्र्याचे हाल होतात, आणि दुखलं की तोही दात लावतो. पाठीवर उलट्या केसांची रेघ असलेला तो लांग-आन दिसायला राजबिंडा, पण त्याला पळायला रान लागतं. तुमच्या अंगणात वितची मोटरसायकल कशीबशी मावते.

राहिला बांगकाएव. आपल्याच तालुक्यातला कुत्रा, म्हणून त्याच्याबद्दल मी चार चांगले शब्द बोलावेत अशी तुझी अपेक्षा दिसते. देखणा आहे, कबूल. पण केस फार गळतात. तुझ्या घरभर लोळ उठतील, खिमला आधीच सर्दी. शिवाय तो एका माणसाचा कुत्रा, बाकीच्यांना मोजत नाही. केस मुख्य.

आपल्या घरच्या बांगकाएवबद्दल, मेकबद्दल, तू लिहिलंयस ते वाचलं. तू त्याच्या अंगावर डोकं ठेवून झोपायचीस आणि तो हूं की चूं करायचा नाही, म्हणून तुझ्याही मुलांना तसाच हवा. चार वर्षांच्या पोरीला किती आठवणार? बाकी आठवण तू नंतर रचलेली असणार. मी पण रचते कधी कधी.

इथे विहारात उन्हाळी श्रामणेरांची तयारी सुरू झाली. पुढच्या महिन्यात शाळेची पोरं मुंडण करून, भुवयासुद्धा काढून, पंधरा दिवस चीवरात हिंडतील. ढोल वाजवत मिरवणूक आपल्या दुकानावरूनच जाते, तेव्हा मी त्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून घेते. आवाज सहन होत नाही आताशा. लुआंग पी ओट रोजच्यासारखे सकाळी भिक्षेला येऊन गेले. आई त्यांच्यासाठी वांग्याची आमटी करत होती, तेवढ्यात गुडघा धरला.

सोंगक्रानच्या सणाला पोरांना घेऊन नक्की ये. आईने पुनसाठी पाण्याची पिचकारी आणून ठेवली आहे, आणि रोज तिच्यात पाणी भरून चालते का ते बघते.

तुझी,
पी प्रांग

ता. क. बांगकाएव सोडून काहीही घे. मांजर घे.



बांग रकाम,
बुधवार, २२ मार्च २५६६

बायतोंग,

या वेळी आशीर्वाद शेवटी लिहीन, तेव्हाही तुला हवे असतील तर.

तुझा निरोप सोमवारी दुपारी आला. मी काउंटरवर होते. नारिंगी-पांढरं पिल्लू, दोन महिन्यांचं, बांगकाएव, रविवारी आणायला जाणार, आणि खिमने नावही ठेवलं, मेक. खाली तू लिहिलंस, “पी, केसांचं मी बघून घेईन, झाडू आहे माझ्याकडे.” समोरच्या गिऱ्हाइकाला मी कोंबड्यांच्या खाद्याऐवजी डुकरांचं दिलं. तो परत येऊन मला बोलून गेला.

केसांचं कारण खोटं होतं. ज्याच्याकडून तू पिल्लू घेतेयस तो माणूस भला आहे, आईबापांना बघून, लशी देऊन पिल्लं विकतो. त्याच्यात खोट नाही, पिल्लातही नसेल. खोट माझ्यात आहे. हे पत्र शेवटपर्यंत वाच, मध्ये फोन करू नकोस. फोन केलास तर मी पुन्हा काहीतरी रचेन. मला त्याची सवय झाली आहे.

बाबा गेले ते २५४३ च्या जानेवारीत, चार दिवसांच्या तापात. तुला ते आठवत नाहीत हे मला माहीत आहे. मेक त्यांचा कुत्रा होता. आपल्या हातचं खायचा, पण ऐकायचा फक्त त्यांचं. बाबा गेल्यावर त्याने त्यांचा निळ्या चौकटीचा पंचा दोरीवरून ओढला आणि घराखाली खांबांमध्ये तो अंगाखाली घेऊन बसला. दोन महिने तिथेच. आई पंचा धुवायला घ्यायला गेली तर त्याने नुसते दात दाखवले. मामा म्हणाले, “आता एकदा जरी कुणावर गेला ना, तर बादलीवाल्याला देऊन टाकीन.” तेव्हा बादलीवाल्याची गाडी भोंगा वाजवत गावातून फिरायची, एक कुत्रा द्या, एक प्लास्टिकची बादली घ्या. त्या कुत्र्यांचं पुढे काय व्हायचं ते आम्हा पोरांनाही माहीत होतं.

तेरा मार्च, सोमवार. आई गिरणीवर. तुझ्याकडे लक्ष ठेव एवढं एकच काम मला सांगितलेलं, आणि मी कुंपणापाशी शेजारच्या मुलीशी गप्पा छाटत उभी. मी चौदाची होते. तू दुपारची पेंगुळलेली, त्याच्यापाशी गेलीस, पंच्याचं टोक धरलंस आणि त्यावर आडवी व्हायला गेलीस. बाबा असताना तू तशीच झोपायचीस, ते तुला बरोबर आठवतंय. मेक भुंकला नाही. गुरगुरलाही नाही. मी वळले तेव्हा तुझा उजवा खांदा त्याच्या तोंडात होता.

तुझ्या खांद्यामागची ती खूण पत्र्याची नाही, बायतोंग. तू डुकरांच्या गोठ्याच्या पत्र्यावर चढलीस आणि घसरलीस, हे मी रचलं. तुला उचलून आरोग्य केंद्रात पळत नेताना रस्त्यातच रचलं, आणि तुलाही वाटेतच पढवलं, “काय लागलं? पत्रा लागला.” तू हुंदके देत म्हणत होतीस, पत्रा लागला. नर्सबाईंनी जखम बघून दोनदा विचारलं, “नक्की पत्रा?” मी दोनदा हो म्हटलं. त्यांनी टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पिसाळलेल्या कुत्र्याचं दिलं नाही, कारण पत्रा पिसाळत नाही.

बाबांनी मेकला लस दिली होती का, ते मला माहीत नव्हतं. कुणाला विचारणार? पिसाळलेला कुत्रा चावला की माणूस पाण्याला घाबरतं एवढं शाळेत शिकवलं होतं. मग सहा महिने मी तुला पाणी पिताना बघत राहिले. तू घोट घेतलास की माझ्या जिवात जीव यायचा. एकदा तू “नको” म्हणून पेला ढकललास, तर मी तुझं डोकं नळाखाली धरलं आणि आईने मला झाडूने बडवलं. आजही तू घरी आलीस की मी आधी तुला पाणी देते, आणि पीईपर्यंत तिथेच उभी राहते. तू म्हणतेस, “पी किती माया करते.”

मामांना कळलं तर मेक बादलीवाल्याकडे जाणार, आणि आईला कळलं तर मी कुठे होते ते विचारणार. दोन्ही मला नको होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मेकला दोरी बांधली, बाबांचा पंचा त्याच्यापुढे धरला आणि कालव्याच्या कडेने चालत विहारात नेलं. आपल्याकडे नकोसं कुत्रं सगळेच विहारात सोडतात. तिथे भात मिळतो, कुणी मारत नाही, पुण्याची जागा. माझीही तीच समजूत होती, की चीवरातल्या माणसांत राहिला की सुधारेल, आणि त्या आवारात वाईट काही घडणारच नाही.

विहाराचे प्रमुख, म्हातारे लुआंग फो, मंडपात बसले होते. त्यांनी विचारलं, “पोरी, चावतो का हा? पुढच्या महिन्यात इथे लहान मुलं येतील.”

मी हात जोडून, गुडघ्यांवर बसून म्हटलं, “नाही लुआंग फो. कधीच नाही. घरात लहान बहीण आहे, तिच्याशीच खेळतो.”

आता पुढचं तुला कळलं असेल. तरी लिहिते, कारण मला ते एकदा तरी स्वतःच्या हाताने लिहायचं आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छत्तीस मुलं श्रामणेर झाली. चौथ्या दिवशी त्यांना मंडप झाडायला लावलं. त्यातल्या आठ वर्षांच्या एकाने जमिनीवर पडलेला मळका पंचा उचलला. धुवायचा म्हणून. तो मुलगा म्हणजे लुआंग पी ओट.

गाल फाटला, डावा डोळा गेला. लहानपणी कुत्रा चावला होता एवढंच तुला माहीत आहे. तू शाळेत जायला लागलीस तेव्हा ते श्रामणेरांच्या रांगेत शेवटी यायचे आणि तू माझ्या परकराच्या मागे लपायचीस. तो कुत्रा मेक होता. मुखियाने त्याच दुपारी त्याला गोळी घातली. म्हणजे जे टाळायला मी हे सगळं केलं ते झालंच, फक्त मध्ये एका पोराचा डोळा गेला. तुला सांगितलं की मेक म्हातारा होऊन विहारात मेला. तो सहा वर्षांचा होता.

ओट पंधरा दिवसांसाठी आला होता. इस्पितळातून घरी गेला, शाळेत पोरं त्याला काय काय म्हणायची, आणि तो परत विहारात आला तो कायमचा. चीवर घातलेल्याला कुणी चिडवत नाही. गेली वीसेक वर्षं ते रोज सकाळी आपल्या दारात येतात, मी चपला काढून त्यांच्या पात्रात भात घालते. त्यांचे पाय मला घोट्यापर्यंत पाठ आहेत. डाव्या अंगठ्याचं नख काळं आहे. चेहरा मी नीट बघितलेला नाही. पात्राचं झाकण उघडल्याचा आवाज मला दिवसभर कधीही येतो, गोणी शिवताना, आईला औषध देताना, दुकानात कुणी नाणं टाकलं तरी. विहारातल्या कुत्र्यांना दर महिन्याला खाण्याच्या गोण्या जातात त्याही मीच पाठवते, नाव न सांगता. आई म्हणते, माझी लेक पुण्यवान.

तुझा निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, ते आले. माझ्या हातातला भात पात्राच्या बाहेर पडला.

“योम प्रांग, बरं नाही का?” ते म्हणाले. विहारात चाळीस कुत्री आहेत, ती तेच सांभाळतात, आणि कुणाला कुत्रा हवा असेल तर लोक त्यांनाच विचारायला जातात. मी म्हटलं, “बहिणीला बांगकाएव घ्यायचा आहे. घरात लहान मुलं आहेत.” आणि मग तिथेच, रस्त्यात, गुडघ्यांवर बसून मी सगळं सांगितलं. शेजारची भाजीवाली बघत होती. बघू दे म्हटलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्याआधी चावला होता?”

“हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“लुआंग फोंनी मला सांगितलं होतं,” ते म्हणाले, “की तो कधीच कुणाला चावला नव्हता, एक मुलगी तसं सांगून गेली. म्हणून ते मला म्हणाले, तूच त्याची छेड काढली असशील, आठवून बघ. मी पुष्कळ आठवलं. गावही तेच म्हणालं, माझी आईही. तिने मला पट्टी बांधलेली असतानाच मेकला पुरलं तिथे नेलं. फुलं, उदबत्ती लावून त्याची माफी मागायला लावली. माझ्यामुळे तो मेला म्हणून.” पुढे म्हणाले, “दर वर्षी त्या दिवशी मी अजून लावतो.”

बायतोंग, मला वाटायचं मी एका मुलाचा डोळा घेतला. तेवीस वर्षं मी तेवढ्याचंच ओझं वाहत होते. त्याच्या माथी दोष मारला तोही मीच, हे मला काल कळलं. आठ वर्षांचं पोर, एका डोळ्याने रडत कुत्र्याची माफी मागत होतं, आणि मी घरी तुला पाणी पाजत होते.

मी कपाळ रस्त्याला टेकलं. ते म्हणाले, “बहिणीची मुलं केवढी आहेत?”

“पाच आणि अडीच.”

“मग आधी तिला सांगा. माझं मी नंतर बघेन.” त्यांनी झाकण लावलं आणि गेले. रोज म्हणतात ती आशीर्वादाची गाथा म्हटली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर आईला सांगितलं. ती सुकेळी उलटत होती, तशीच उलटत राहिली. म्हणाली, “दुसऱ्या दिवशी मी तो पत्रा हात लावून बघितला होता. गंज होता. रक्त नव्हतं.” मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? तर म्हणाली, “कुत्रा गेला होता. बाप गेला होता. तुला पण घालवू का? आपलेच दात आणि आपलेच ओठ.” विहारातली बातमी आली तेव्हाही ती गप्प बसली. आमच्या दोघींचं एकमेकींना ठाऊक नव्हतं, आणि एकाच घरात आम्ही तेवीस वर्षं जेवलो.

आज सकाळी मी भात घेऊन उभी होते. लुआंग पी ओट आले नाहीत. दुसरेच एक तरुण भिक्खू आले, त्यांचे पाय मला ओळखू येईनात.

आता कुत्र्याचं. मी अठरा वर्षं लोकांना जाती सांगत आले, गोल्डन सोशिक, पूडल शहाणा, ते खोटं नाही. पण मेक वाईट जातीचा नव्हता. तो एका माणसाचा कुत्रा होता आणि तो माणूस गेला, हे आम्ही कुणी समजून घेतलं नाही. बांगकाएव तसेच असतात, एकाला धरतात. तुझ्या घरात तो वितला धरेल, आणि वित महिन्यातले वीस दिवस ट्रक घेऊन बाहेर. मागे घरात पाच वर्षांची खिम, अडीच वर्षांचा पुन, आणि वितचा एखादा शर्ट. म्हणून रविवारी जाऊ नकोस. त्या माणसाला मी स्वतः फोन करून सांगेन, तो समजून घेईल. पुनला “नको” आणि “सोड” कळेपर्यंत, दोन वर्षं तरी थांब. मग घे, मोठा झालेला, मुलांत वाढलेला, ज्याचा स्वभाव चार लोकांनी पाहिलाय असा. त्याचं ताट आणि त्याची झोपायची जागा मुलांपासून वेगळी ठेव. आणि खिमला आजच सांग, कुत्रा चावला तर आईला खरं सांगायचं, कुणी मारणार नाही, तुलाही नाही, त्यालाही नाही. हे शेवटचं जमणार नसेल तर कुठल्याच जातीचा घेऊ नकोस.

माझ्यावर विश्वास ठेवायला आता तुला काही कारण नाही, हे मला कळतं. म्हणून एवढं कर. वित घरी असेल तेव्हा त्याला दिव्याखाली तुझ्या उजव्या खांद्याची मागची बाजू बघायला सांग. तुला ती स्वतःला कधी दिसली नाही, आणि विचारलं की मी एक लांब रेघ आहे म्हणून सांगायचे. रेघ आहेच. तिच्या खाली तीन बारीक गोल खड्डे आहेत, ओळीने. त्याला मोजायला सांग. तुझे टाके काढले त्या दिवसापासून ते मला माहीत आहेत. पत्र्याला दात नसतात.

सोंगक्रानला आलीस तर दारात पाण्याचा पेला घेऊन मी उभी राहणार नाही. तहान लागली तर तू माग.

पोरांना आणि तुला आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

ज्या दुपारी तुझ्याकडे लक्ष द्यायचं होतं त्या दुपारी न दिलेली,
तुझी बहीण
प्रांग